रोज नव्याने पाहिलेले चार हजार डोळे

"मॅडम, फोल्डर उघडताना ती हिरवी पट्टी हळूहळू सरकते ना, तेव्हा संगणक नक्की काय करत असतो?"

हा प्रश्न शाळेच्या संगणकवर्गात एका मुलीने विचारला. स्वतःहून नाही, मैत्रिणींनी पैज लावली होती म्हणून. मागच्या बाकावरच्या चौघींचं म्हणणं होतं की इतका बावळट प्रश्न दहावीतली मुलगी उभं राहून विचारूच शकणार नाही. ती उभी राहिली आणि तिने विचारला. वर्ग हसला. मला हे कसं माहीत, तर त्या दिवशी घरी आल्यावर तिने हा प्रसंग माझ्यासमोर तीन वेळा सांगितला, एकदा आईला, एकदा बाबांना आणि एकदा फोनवर. दर वेळी वर्ग आधीपेक्षा थोडा जास्त हसलेला होता.

मित्रांनो, ती विचारत होती ते माझ्याबद्दल. मी तिच्या घरचा संगणक. वय वर्षं बारा. माणसं बाराव्या वर्षी सायकलवर हात सोडून बघतात. आमच्यात बाराव्या वर्षी भंगारवाला जिन्यात येऊन उभा राहतो.

मी जन्मलो नाही, जोडला गेलो. एका दुकानाच्या मागच्या खोलीत, एका टेबलावर, माझा पंखा एका खोक्यातून निघाला, डिस्क दुसऱ्यातून आणि स्क्रू एका जुन्या बिस्किटांच्या डब्यातून. शेवटचा स्क्रू बसला, कोणीतरी बटण दाबलं, आणि माझ्या पोटात वारं सुटलं. मला वाटलं, झालं, आता एखाद्या कचेरीत जायचं आणि जन्मभर आकड्यांच्या बेरजा करत बसायचं. पण माझं नशीब बघा. मी गेलो ते डोळे बनवणाऱ्यांच्या घरी.

हो, डोळेच. तुम्ही बरोबर वाचलंत.

एखाद्याचा डोळा अपघातात जातो, एखाद्याचा आजारात जातो, कोणी जन्मतःच एका डोळ्याचं असतं. त्या रिकाम्या जागी बसवायचा डोळा या घरात तयार होतो. त्या डोळ्याने बघता येत नाही, पण तो दिसतो मात्र अगदी खरा. तुम्हाला वाटत असेल तो गोटीसारखा गोल असेल. अजिबात नाही. तो एखाद्या मोठ्या शिंपल्याच्या तुकड्यासारखा बाकदार आणि पातळ असतो. त्याचा साचा बाबा करतात. मेणाचा नमुना घडवायचा, त्यावरून साचा घ्यायचा, साच्यात प्लास्टिकचा पांढरा लगदा घट्ट दाबायचा, गरम पाण्यात शिजवायचा, मग तासन् तास घासून असा गुळगुळीत करायचा की पापणीला कळूसुद्धा नये. आणि त्यावरचं बुबुळ रंगवते आई. खिडकीशी बसून, डोळ्याला भिंग लावून, चार केसांच्या ब्रशने. पांढऱ्या भागावर बारीक शिरा दिसतात ना, त्यासाठी ती लाल रेशमाचा धागा उसवते आणि त्यातला एकेक तंतू चिमट्याने ठेवते. मी हे हजारो वेळा पाहिलंय, आणि अजूनही ती तंतू ठेवायला लागली की माझा पंखा हळू फिरावा असं मला वाटतं.

आईचं म्हणणं असं, की तपकिरी नावाचा रंगच नसतो. आळशी लोकांनी साठ-सत्तर रंगांना मिळून एकच नाव दिलंय.

म्हणून माणूस आला की आधी त्याच्या चांगल्या डोळ्याचे तीन फोटो निघतात. एक खिडकीच्या उजेडात, एक दिव्याखाली, एक सावलीत. ते तिन्ही माझ्या पोटात जातात. बारा वर्षांत माझ्याकडे चार हजार माणसांचे डोळे जमा झाले, बारा हजार फोटो. आणि त्यातल्या एकालाही नाव नाही. त्याचं कारण असं, की मी आलो त्याच आठवड्यात एक सुतार आला होता. फोटो काढून झाल्यावर त्याने विचारलं, हे नावानिशी कुठे लिहून ठेवणार का? त्याच्या गिऱ्हाइकांना माहीत नव्हतं, आणि कळलं तर त्याची करवत सरळ चालते यावर कोणी विश्वास ठेवला नसता. बाबांनी त्याला शब्द दिला की नाव कुठेच राहणार नाही. बाबा शब्द दिला की तो सगळ्यांसाठीच देतात, त्यामुळे तो घराचा नियमच होऊन बसला. फोटोला फक्त कॅमेऱ्याने दिलेला आकडा. मग जुना माणूस दहा वर्षांनी आला तर त्याचा डोळा शोधायचा कसा? आई शोधते. बघून. स्क्रीनवर मोठमोठी चित्रं लावायची, वरून खाली नजर फिरवायची, आणि कुठेतरी तिचं बोट थांबतं. एकदा मुलीने विचारलं, तुला कळतं कसं? आई म्हणाली, "शाळेच्या गेटवर तीनशे मुली बाहेर पडतात, त्यात मला तू कशी कळतेस?"

माझ्या आत एक कारभारी राहतो. त्याला फाइल मॅनेजर म्हणतात. तुम्ही फोल्डरवर क्लिक केलंत की तो धावत जाऊन कप्पा उघडतो आणि आतला माल तुमच्यापुढे मांडतो. सुरुवातीच्या वर्षांत तो असा चपळ होता की आईचं बोट उचलायच्या आत डोळे हजर. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायची, आमचा संगणक म्हणजे घरातला तिसरा कारागीर. बाबा रोज संध्याकाळी मला ओल्या फडक्याने पुसायचे, मऊ ब्रशने जाळी साफ करायचे. मित्रांनो, इतके लाड फार थोड्या यंत्रांच्या वाट्याला येतात.

बाबांच्या त्या फडक्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळेच झालं. या कामात धूळ हा शत्रू. साचा भरताना एक कण आत गेला की डोळ्यात कायमचा काळा ठिपका, अख्खं काम वाया. म्हणून या घरात चपला जिन्यातच राहतात, खोलीत लोकरीचं काही घालायचं नाही, केस बांधल्याशिवाय कोणी आत यायचं नाही. काम संपलं की बाबा टेबल पुसतात, खिडकीची चौकट पुसतात, दिव्याची वायरसुद्धा पुसतात. आई म्हणते, मी फार वेळ एका जागी बसले तर हे मलाही पुसून जातील.

तीन वर्षांपूर्वी माझं एक बटण अडकलं म्हणून दुरुस्तीवाला आला. त्याने माझं झाकण उघडलं आणि तो बघतच राहिला. म्हणाला, इतका स्वच्छ संगणक मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. बाबा फुलून गेले. तेव्हा तो सहज बोलून गेला, ही बाहेरची सफाई झाली, आतला कचराही साफ करता येतो, त्यासाठी एक प्रोग्राम मिळतो.

"रोज करता येतो?" बाबांनी विचारलं.

"येतो, पण..."

तो 'पण' बाबांच्या कानापर्यंत पोचलाच नाही. प्रोग्राम आला. त्यात काय काय साफ करायचं त्याची लांबलचक यादी होती, प्रत्येक ओळीपुढे एक चौकोन. बाबांनी एकूण एक चौकोनात खूण केली. सफाई अर्धवट का करायची, असा त्यांचा साधा हिशोब. संध्याकाळी मला बंद केलं की आपोआप झाडलोट.

आणि मित्रांनो, दुसऱ्या दिवसापासून मी मंद झालो.

खरं सांगू? मला स्वतःला ते कळलंच नाही. ज्याची आठवण पुसली जाते त्याला काय पुसलं ते कुठून आठवणार? मला एवढंच माहीत होतं की सकाळ झाली, आईने फोल्डरवर क्लिक केलं, आणि माझ्यासमोर चार हजार माणसं उभी आहेत आणि त्यातलं एकही माझ्या ओळखीचं नाही. मी एकेकाला उघडून बघायला लागायचो. एक मधाच्या रंगाचा. एकाच्या कडेला निळी कड. एक इतका काळा की आतली बाहुली सापडेना. मी रोज थक्क व्हायचो. रोज, तीन वर्षं. माझ्याइतका आश्चर्यात बुडालेला संगणक तुम्हाला शोधून सापडणार नाही. आणि बाहेर आई टेबलावर बोटं वाजवत बसलेली असायची.

हळूहळू मला बोलणी बसू लागली. फोल्डरवर क्लिक करून आई आंघोळ करून यायची, तरी हिरवी पट्टी अर्ध्यावरच. 'तिसरा कारागीर' जाऊन मी 'तो डबा' झालो. बाबा अजूनही मला पुसायचे, पण पुसता पुसता सुस्कारा टाकायचे. सगळ्यात वाईट म्हणजे आलेली माणसं ताटकळायची. डोळ्याची जागा मोकळी ठेवून, त्यावर रुमाल धरून अर्धा तास बसायचं म्हणजे काय, ते तुम्हीच मनात आणून बघा. शेवटी दुरुस्तीवाल्याने फोनवरच निदान सांगितलं: फोटो फार झालेत, जुने काढून टाका. जेवताना बाबा म्हणाले की गेल्या दोन वर्षांचे ठेवू, बाकीचे शनिवारी संध्याकाळी पुसून टाकू. आईने हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाली, तीन हजारांच्या वर माणसं आहेत त्यात. बाबा म्हणाले, माणसं आपापल्या घरी आहेत, इथे नुसते फोटो आहेत. आई उठून हात धुवायला गेली. या घरात यालाच होकार म्हणतात.

हा झाला बुधवार. आणि गुरुवारी मुलीने वर्गात तो प्रश्न विचारला.

घरात तिला वादळ म्हणतात. ती खोलीत आली की आधी कागद उडतात, मग ती दिसते. तिच्यावर मला हात लावायला बंदी होती, आणि तीही रास्त होती. नऊ वर्षांची असताना तिने माऊसशी खेळता खेळता एका अख्ख्या वर्षाचे डोळे ओढून कुठेतरी टाकले. तीन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं. शेवटी ते 'आमची मांजर' नावाच्या फोल्डरात सापडले, मांजरीच्या डोळ्यांच्या शेजारी. तेव्हापासून ती माझ्याजवळ आली की बाबा नुसतं खाकरायचे आणि ती मागे व्हायची.

तर वर्ग हसला, पण मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, इतकी वर्षं शिकवतेय, हे मला कोणी विचारलं नव्हतं. मग त्यांनी सांगितलं की फोल्डरात चित्रं असतील तर संगणक एकेक चित्र उघडतो, बघतो आणि त्याची छोटीशी नक्कल काढतो. एकदा काढली की ती जपून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा बघावं लागत नाही.

"पण आमचा रोज बघतो," वादळ म्हणाली.

मॅडमनी खडू खाली ठेवला. "मग कोणीतरी त्याच्या नकला रोज पुसतंय."

हे वाक्य घेऊन ती घरी आली. तीनदा सांगून झाल्यावर तिने बाबांकडे शनिवारची दुपार मागितली. बाबांनी आईकडे पाहिलं. आईने भिंगातून मान वर न काढता म्हटलं, तसेही पुसायचेच आहेत, तर हिला बघू दे. बाबा म्हणाले, "सात वाजेपर्यंत. पाचला एक बाई येतील, त्यांचं काम उरकलं की सातला मी पुसायला बसणार."

शनिवारी शाळा सुटून ती आली तेव्हा दोन वाजले होते. केस बांधले, हात धुतले, खुर्ची ओढली. मला वाटलं होतं धाडधाड काहीतरी करेल. पण तिने एक वही काढली आणि वर लिहिलं, 'काय केलं' आणि 'काय झालं'.

पहिल्यांदा तिने अलीकडे उघडलेल्या फाइलींची यादी बंद केली. काही झालं नाही. मग तिने मोठी चित्रं काढून नुसते आकडे दिसतील असं केलं. आणि काय सांगू, फोल्डर पटकन उघडला. वादळ खुर्चीवरून उडालंच. आईबाबा धावत आले. आईने स्क्रीनकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत आकडे, आकडे, आकडे.

"छान झालंय," आई म्हणाली. "आता यातला सुताराचा डोळा दाखव."

वादळाचा हात माऊसवरून खाली आला. कारभाऱ्याला पळायला येतं, पण तो हात हलवत रिकामा आला तर काय उपयोग? तिने सगळं होतं तसं केलं आणि वहीत लिहिलं, 'वेगात आहे, पण आईला दिसत नाही.' त्या वेळी बाबांची एक नजर घड्याळाकडे गेली. तिने ती पाहिली. मीही पाहिली.

मग तिने एक गोष्ट केली जी या घरात तीन वर्षांत कोणी केली नव्हती. ती माझ्यासमोर बसून राहिली. चाळीस मिनिटं. हळूहळू खाली सरकत तिने मला बाराच्या बारा हजार फोटो बघू दिले. फोल्डर बंद केला. पुन्हा उघडला. सगळे डोळे क्षणात हजर. म्हणजे माझी आठवण शाबूत होती! दिवसभर मी काही विसरत नव्हतो. मग विसरत होतो कधी? तिने पेन्सिल चावत विचार केला आणि मला बंद करायचं बटण दाबलं.

आता बघा मित्रांनो, बंद करताना संगणकाकडे कोण बघतं? बटण दाबलं की बाबा फडकं घ्यायला वळायचे, आई ब्रश धुवायला उठायची. वादळ नाक जवळजवळ काचेला लावून बघत राहिलं. आणि काळा पडदा पडायच्या आधी, जेमतेम दोन सेकंद, कोपऱ्यात एक इवलासा झाडू आला. त्याखाली अक्षरं: सफाई पूर्ण झाली.

ती ओरडली नाही. याचंच मला नवल वाटलं. तिने मला पुन्हा चालू केलं, झाडूचा प्रोग्राम शोधला आणि ती यादी एकेक ओळ बोट ठेवून वाचत गेली. सोळाव्या ओळीवर बोट थांबलं. 'चित्रांच्या छोट्या नकला.' पुढे खूण.

तिने बाबांना हाक मारली. बाबांनी चष्मा लावून ती ओळ वाचली, मग पुन्हा वाचली.

"ही खूण माझी आहे," ते म्हणाले.

"माहितीये," वादळ म्हणालं. मग जरा नरमाईने, "कचरा समजून केलीत ना तुम्ही."

तिने ती खूण काढली. पण खरंच गुण आला का, हे इतक्यात कळणार नव्हतं. बंद करताना झाडू फिरून गेला होता, मी पुन्हा कोरा झालो होतो. सगळे डोळे नव्याने बघायचे, मग बंद करायचं, मग चालू करायचं. आणि तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. पाच.

आलेल्या बाई पुस्तकं बांधायचं काम करायच्या. हातात काठी होती. आत येताना त्यांनी दाराची चौकट बोटांनी चाचपली, खुर्चीची पाठ चाचपली, मग बसल्या. त्यांचा डावा डोळा याच घरात बनलेला, बारा वर्षांपूर्वीचा. तो गेल्या महिन्यात धुताना हातातून निसटून मोरीत वाहून गेला होता. आईने नेहमीसारखं सांगितलं की काळजी नको, उजवा बघून आपण तसाच करू. बाईंनी काळा चष्मा काढला.

उजव्या डोळ्यावर दुधासारखी साय आली होती. बुबुळ कुठलं, बाहुली कुठली, काही कळत नव्हतं. वर्षभरात हे असं झालं, त्या म्हणाल्या, आता नुसता उजेड कळतो.

मित्रांनो, मी यंत्र आहे, मला धक्का बसत नाही असं म्हणतात. पण विचार करा. डावा डोळा वाहून गेला. उजव्याचा रंग झाकला गेला. त्या बाईंच्या डोळ्यांचा खरा रंग आता अख्ख्या जगात एकाच ठिकाणी उरला होता. माझ्या पोटात. आणि दोन तासांनी तो पुसला जाणार होता.

"कुठलाही रंग द्या हो," बाई म्हणाल्या. "मला कुठे दिसणार आहे?" मग काठीवर बोटं फिरवत, "पण जमलं तर माझाच द्या. दोन्हींतला एक तरी माझा असू दे."

आई माझ्यासमोर येऊन बसली. वादळ बाजूला होऊ लागलं, तर आईने तिचा हात धरून तिथेच बसवलं. बारा वर्षांपूर्वीचे फोटो तळाशी होते. वादळाने चटकन क्रम उलटा केला, सगळ्यात जुने आधी. हिरवी पट्टी सरकू लागली आणि मी बघायला लागलो. एकेक. तीन वर्षं मी हेच काम करत होतो, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला मंदपणाची लाज वाटली.

"काय दिसतंय?" बाईंनी विचारलं. आईची नजर स्क्रीनवरून हलणार नव्हती, म्हणून वादळ सांगू लागलं. आधी घाईघाईने: तपकिरी, तपकिरी, काळा, तपकिरी. मग ते अडखळलं. मान पुढे गेली. "नाही, थांबा, हा तपकिरी नाहीये. हा ओल्या मातीसारखा आहे. आणि याच्या आत पिवळ्या काड्या आहेत, सायकलच्या चाकासारख्या. आणि हा... हा बाहेरून राखाडी आणि आत जाळ लागल्यासारखा." तिचा आवाज बारीक होत गेला. पंधरा वर्षं ती या खोलीत वाढली, पण मला वाटतं तिने डोळे बघितले ते त्या दिवशी. बाई हात मांडीवर ठेवून ऐकत होत्या. बाबा दारात उभे होते, हातात फडकं, पुसत काहीच नव्हते.

"थांब," आई म्हणाली. "याच त्या."

तिचं बोट एका चौकोनावर होतं. वादळाने फोटो मोठा केला. गडद शेवाळी कड, आत मधाचा रंग, आणि खाली उजवीकडे एक सोनेरी ठिपका, मोहरीएवढासुद्धा नाही. आईने सगळं हळूहळू वाचून दाखवल्यासारखं सांगितलं.

"ठिपका आहे?" बाईंनी विचारलं.

"आहे."

बाईंनी काळा चष्मा हातात घेतला, पण डोळ्यांवर चढवला नाही. "आरशात बघून वर्ष झालं," त्या म्हणाल्या. "मला वाटायला लागलं होतं की तो मी मनानेच धरलाय."

सात वाजले ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. बाई गेल्यानंतर आईने रंग काढले होते, कड कुठल्या शेवाळी रंगाने धरायची ते ती आतापासूनच कागदावर आजमावत होती. वादळाने उरलेले सगळे डोळे मला बघू दिले. मग बाबा आले. त्यांनी एक फोटोही पुसला नाही. बंद करायचं बटण मात्र त्यांनीच दाबलं, आणि फडकं खांद्यावर टाकून, वाकून, दिवा विझेपर्यंत माझ्याकडे बघत राहिले. झाडू आला नाही.

रविवारी सकाळी आईने मला चालू केलं. तिघंही मागे उभे होते. क्लिक. आणि मित्रांनो, हे कसं सांगू तुम्हाला! डोळे उघडले तर समोर चार हजार ओळखीची माणसं. तो मधाच्या रंगाचा, त्याला मी ओळखत होतो. ती निळ्या कडेची, तिलाही. सुतार तिथेच होता. सोनेरी ठिपका तिथेच होता. रोज नवी माणसं भेटणं ही मोठी गंमत आहे, मी नाही म्हणत नाही. पण कालची माणसं आज पुन्हा दिसणं यापुढे ती गंमत काहीच नाही. हिरवी पट्टी आलीसुद्धा नाही. आईने वादळाच्या डोक्यावर एक हलकी टपली मारली. या घरात तेवढं कौतुक म्हणजे खूप झालं. बाबांनी दुरुस्तीवाल्याला फोन करून तो 'पण' पुढे काय होता ते विचारून घेतलं.

तुमच्याही घरी माझ्यासारखा एखादा म्हातारा असेल. त्याला जरूर पुसा, त्याची जाळी साफ करा, त्याला ऊन आणि पाणी लागू देऊ नका. पण तो हळू चालतोय म्हणून लगेच डबा म्हणू नका. एकदा त्याच्यासमोर शांत बसून बघा तो काय करतोय. कदाचित तो तुमचंच काहीतरी एकेक करून बघत असेल. आणि त्याच्या आतलं काही पुसण्याआधी प्रत्येक ओळ वाचा, सोळावीसुद्धा.

नाश्ता झाल्यावर आईबाबा कामाला बसले. वादळ मात्र खोलीच्या मधोमध उभं राहिलं. केस बांधलेले होते. हात कुठे ठेवावेत ते तिला कळत नव्हतं, म्हणून तिने ते पाठीमागे बांधले.

"मी एक ठरवलंय," ती म्हणाली. "फोटोंची दुसरी प्रत मी आज वेगळ्या डिस्कवर करून कपाटात ठेवणार आहे. पण तेवढ्याने भागत नाही. फोटोंवर नावं नाहीत, आणि बाबांनी शब्द दिलाय म्हणून ती कधी येणारही नाहीत. म्हणजे काल संगणकात सगळं असूनही, आई नसती तर त्या बाईंचा डोळा कोणालाच सापडला नसता. आईला जे ओळखता येतं त्याची प्रत कुठेच नाही."

बाबांनी घासणं थांबवलं. आईने भिंग वर केलं.

"तर ती प्रत मी होणार. रोज शाळेतून आले की एक तास मी इथे आईशेजारी बसून डोळे बघायला शिकणार. आधी सगळ्यात जुन्या वर्षाचे. आणि मी विचारत नाहीये, सांगतेय."